ओढा शीव झाला

एकोणीसशे शहाण्णवच्या एप्रिलची पहिली तारीख सोमवारी आली. त्या दिवशी तिनऱ्हीडच्या शेतघरात सकाळचे साडेसात वाजले, आठ वाजले, आणि नेरिसची गाडी आली नाही. ती येणार नाही हे टेगविनला तीन महिने माहीत होतं. तरी तो मेंढ्यांच्या वाडग्यातून दोनदा बाहेर आला आणि रस्त्याकडे बघून परत गेला.

आमच्याकडे माणसाला आडनावाने कोणी ओळखत नाही, घराच्या नावाने ओळखतात. त्याचं आडनाव बेब, पण आम्हाला तो टेगविन तिनऱ्हीड. चौपन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, बोलायला कमी. अडीचशे मेंढ्या, आठ गाई, आणि बैठकीच्या खोलीत लोखंडी खाटेवर पडून असलेली थोरली बहीण, एलिनेड. ही एलिनेड आमच्या लानवादोगच्या शाळेची बाई. गावातल्या निम्म्या माणसांना तिनेच अक्षर शिकवलं. पाच वर्षांपूर्वी फळ्यावर लिहितालिहिता तिचा उजवा हात खाली आला, तो पुन्हा वर गेलाच नाही. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत राहिलं. ते तिच्या डोळ्यांत दिसायचं, आणि तेच बघणाऱ्याला जड जायचं.

तिला धुवायला-पुसायला, तिची चादर-कपडे बदलायला जिल्ह्याकडून नेरिस यायची. पन्नाशीला टेकलेली विधवा बाई, हाडापेराने मजबूत. राहायची ओढ्यापलीकडे, दीड मैलावर. आठवड्याचे सातही दिवस ती यायची. रविवारी चॅपेलचे कपडे घालून यायची आणि वरून टेगविनच्या घरचाच जुना एप्रन बांधायची, असं तो सांगायचा. पाऊण तास एलिनेडच्या खोलीचं दार आतून बंद असायचं. मग नेरिस स्वयंपाकघरात यायची, कोपरापर्यंत हात धुवायची, आणि दहा मिनिटं बसून चहा घ्यायची. टेगविन समोर बसायचा. बोलणं पावसाचं, मेंढ्यांचं, कोण आजारी आहे आणि कोण गेलं त्याचं. तेवढी दहा मिनिटं सोडली, तर त्याच्या सबंध दिवसात बोलण्याला उत्तर देईल असं माणूस नव्हतं.

ओढ्याचं नाव नांत हेलिग. कालपर्यंत तो नुसता ओढा होता. मेंढ्या लोकर कातरण्याआधी त्यात उतरवायच्या, एवढाच त्याचा उपयोग. अलीकडे आमचा गाव, पलीकडे नेरिसचा, आणि दोन्ही तीर एकाच जिल्ह्यात. टेगविनच्या आज्याच्या वेळी तो जिल्हा डेन्बी होता. चौऱ्याहत्तर साली सरकारने जुने तेरा जिल्हे मोडले आणि आम्ही क्लुइड नावाच्या नव्या जिल्ह्यात जमा झालो. ते नाव आमच्या जिभेवर कधी बसलं नाही. ‘समुद्राकडच्या लोकांचा जिल्हा’ म्हणायचो आम्ही. बावीस वर्षांनी तोही मोडायचं ठरलं, तेव्हा आमच्या खोऱ्याला विचारणा झाली, की बाबांनो, उत्तरेकडे राहता की दक्षिणेकडच्या मोठ्या जिल्ह्यात जाता? सभागृहात सभा भरली. दक्षिणेला आपल्यासारखे मेंढीवाले जास्त, बाजार तिकडचा, बर्फ काढायचं यंत्रही तिकडून लवकर येतं, असं बोलणं झालं. हात वर करा म्हटल्यावर टेगविननेही केला. डावी-उजवीकडच्यांनी केला म्हणून केला. घरी येऊन त्याने ते एलिनेडला सांगितलं. विचारलं नव्हतं, सांगितलं.

मग असं झालं, की पलीकडच्यांना त्यांचं जुनं नाव परत मिळालं. ओढ्याच्या त्या तीरावर पुन्हा डेन्बी आलं. आणि जिने तीस वर्षं पोरांकडून तेरा जिल्हे घोकून घेतले, जी पाटीवर डेन्बीभोवती लाल खडूने रेघ काढायची, ती त्या रेघेच्या बाहेर पडली. नेरिसची नोकरी पलीकडची. अलीकडे येऊन काम करायची तिला आता मुभा नव्हती.

शेवटच्या दिवशी, रविवारी, नेरिसने टेगविनला खोलीत बोलावलं होतं. गुडघा कसा वाकवायचा, कमरेला हात घालून कुशीवर कसं वळवायचं, पाठीला उशी कुठे लावायची, हे दाखवते म्हणाली. तो उंबऱ्यात आला, चादरीकडे बघून परत वळला. एक मेंढी अडली आहे म्हणाला आणि गेला. अडलेली मेंढी एकही नव्हती. नेरिसने चहा एकटीने घेतला, कप धुऊन पालथा घातला आणि गेली.

सोमवारी नऊ वाजता त्याने दक्षिणेच्या कचेरीला फोन लावला. बाई चांगली होती, घाईत नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, जिल्हा नवीन आहे, सगळीकडे जुळवाजुळव चालू आहे. आमची बाई तीस मैलांवरून येईल, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, सोळा तारखेपासून. तोवर घरात कोणी बाईमाणूस आहे का? टेगविन नाही म्हणाला. मग तिने विचारलं, पंधरा दिवस आमच्याकडच्या रुग्णालयात ठेवता का? खाट मिळेल. दीड तासाचा रस्ता आहे.

त्याने जाऊन एलिनेडला विचारलं. ह्या खेपेला खरंच विचारलं. तिने डावा हात खाटेच्या दांडीवर टाकला आणि बोटं आवळली. ती बोटं पांढरी पडेपर्यंत तो उभा राहिला, मग ‘बरं, बरं’ म्हणाला.

मग करायचं ते करणं आलं. त्याने तामलीत गरम पाणी घेतलं, फडकी घेतली, साबण घेतला. त्याच्या हातांना मेंढ्या विण्याच्या दिवसांतला वास होता, आयोडीनचा आणि ओल्या लोकरीचा; तीनदा धुऊनही तो जाईना. सहा महिन्यांचा असल्यापासून ज्या बहिणीने त्याला कडेवर घेतलं, तिला त्याने स्वतःला कळायला लागल्यापासून कधी हात लावला नव्हता. आमच्यात भाऊ-बहीण एकमेकांच्या गळ्यात पडत नाहीत. आई गेली तेव्हा ही दोघं कबरीच्या दोन बाजूंना उभी होती.

तोंड पुसलं, मान पुसली. तिथवर ठीक झालं. मग त्याने पांघरूण बाजूला केलं आणि मेंढी उलटवावी तशी तिला एका झटक्यात कुशीवर घेतली. त्याला तेवढंच येत होतं. तिचा दुखरा खांदा अंगाखाली आला. तिच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. तो घाबरला, सोडून दिलं, तामली लवंडली, पाणी गादीत गेलं. पाणी फार गरम होतं हे त्याला तेव्हा कळलं. त्याने परत हात घातला, तशी एलिनेडने डाव्या हाताने त्याच्या कानाखाली मारली. जोर नव्हता. पण शाळेत ती मारायची नाही, कोणालाच नाही, म्हणून ते लागलं.

त्याने डोळे मिटून काम उरकलं. खरंच मिटून, म्हणजे हात कुठे जातोय ते त्याला दिसत नव्हतं आणि तिला मात्र सगळं कळत होतं. ओला झगा तसाच राहिला. कोरडा घालायला तिला उठवून धरावं लागलं असतं, ते त्याच्याच्याने झालं नाही. पांघरूण गळ्यापर्यंत ओढून तो बाहेर पडला आणि वाडग्यात जाऊन एका कोकराची नाळ आयोडीनने रंगवत बसला. रंगवून झालेली होती, तरी रंगवत बसला.

मंगळवारी, बुधवारी तसंच. थोडं बरं, थोडं वाईट. त्या दोन दिवसांत एकेचाळीस कोकरं झाली. वरच्या कुरणावर गारांचा पाऊस पडत होता. तो रानातून धावत घरात यायचा, तिला बघायचा, पाव-लोणी पुढे करायचा, परत रानात धावायचा. बुटांचा चिखल बैठकीच्या खोलीपर्यंत आला. कुठेच त्याचं काम पुरं होईना. एक मेंढी जुळं घेऊन अडली होती, ती तो घरात असताना मेली. तिचं एक कोकरू वाचलं, त्याला त्याने शेगडीजवळ खोक्यात ठेवलं.

गुरुवारी सकाळी त्याच्या लक्षात आलं, की एलिनेडचे ओठ फुटले आहेत. जीभ कोरडी. कालचा चहा कपात साय धरून तसाच, परवाचा पाण्याचा पेलाही भरलेला. त्याने चमच्याने पाणी लावून बघितलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि नजर खाली वळवली. खाटेखाली जे भांडं असतं त्याकडे. परत त्याच्याकडे बघितलं.

तेव्हा त्याला कळलं. पोटात पाणी गेलं नाही, तर त्याला कमी वेळा यावं लागेल. सोमवारपासून तिने हा हिशेब धरला होता.

तो तसाच, अंगावर त्या रक्ता-चिखलाच्या डगल्यासकट, गाडी काढून ओढ्याकडे निघाला. पुलावर जिल्ह्याची दोन माणसं पाटी रोवत होती. एकजण ओळखीचा, वरच्या गावचा. नव्या पाटीचा खांब खड्ड्यात धरून तो हसत म्हणाला, “काय टेगविन, परदेशी निघालात?” टेगविनने गाडी थांबवली नाही. एरवी तो थांबून चार शब्द बोलणारा माणूस.

नेरिसच्या दारात तो पाच वर्षांत कधी गेला नव्हता. घर कोणतं हे माहीत होतं, एवढंच. दारातल्या पायपुसण्यावर पाय ठेवायला त्याला धीर होईना, म्हणून तो अंगणातूनच बोलला. ती पाणी पीत नाही म्हणाला. पुढे काय सांगावं ते त्याला सुचेना. नेरिसला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने विचारलं, कधीपासून? मग म्हणाली, उद्या सकाळी सहाला येते, माझ्या कामाच्या घरी जायच्या आधी. आज रात्री तिला चमचा-चमचा द्या, आणि सांगा की मी येतेय.

त्याने जाऊन सांगितलं. एलिनेडने डोळे मिटले. त्या संध्याकाळी ती अर्धा कप पाणी प्यायली.

शुक्रवारी नेरिस आली. गुड फ्रायडे होता, सगळ्यांना सुट्टी, फक्त मेंढ्यांना आणि आजाऱ्यांना नाही. पाऊण तास दार आतून बंद होतं. आतून पाण्याचा आवाज येत होता, नेरिसचं बारीक आवाजातलं बोलणं येत होतं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन रिकामे कप होते. ‘दोन्ही प्यायली,’ म्हणाली. टेगविन टेबलापाशी बसला आणि त्याने तोंडावरून हात फिरवला. दाढी चार दिवसांची वाढली होती.

ती शनिवारी आली, ईस्टरच्या रविवारी आली. त्या दिवशी कोकरांवर बर्फ पडला. सोमवारीही आली. त्या चार दिवसांत टेगविनचं सगळं काम जागेवर आलं. मेंढ्या मोजून झाल्या, आईवेगळ्या कोकराला दुसरी मेंढी लावून झाली. तिच्या मेलेल्या पिल्लाचं कातडं कोकराच्या अंगावर घालावं लागलं, तेव्हा कुठे त्या मेंढीने जवळ घेतलं. तो स्वयंपाकघरात शीळ घालू लागला होता. स्वतःच्याच लक्षात आल्यावर थांबला.

मंगळवारी नेरिसने एप्रन सोडला तो घडी घालून आपल्या पिशवीत टाकला. इथला एप्रन. टेगविन बघत राहिला. तिने खुर्ची ओढली, पण चहा ओतला नाही.

काल तिच्या कचेरीतून विचारणा झाली होती. कोणी चुगली केली असं नाही. पांढरी गाडी सगळ्यांना ओळखीची, पुलावरून जाताना दिसली. कचेरीतली बाई रागावली नव्हती. तिने एवढंच सांगितलं होतं, की एलिनेडला उचलताना तुझी कंबर धरली किंवा ती तुझ्या हातून पडली, तर ओढ्याच्या त्या बाजूला आम्ही तुझ्या पाठीशी उभे राहू शकत नाही. तेव्हा जाऊ नकोस. नेरिसला आणखी चार घरं होती. नोकरीवर तिचं सगळं चालत होतं.

“मग आता?” टेगविनने विचारलं.

नेरिस बोलली ते सरळ बोलली.

“ह्या घरात मला दोन वाटांनी येता येतं, टेगविन. एक, जिल्ह्याची बाई म्हणून. ती वाट बंद झाली. दुसरी तुम्हाला माहीत आहे. नसेल माहीत तर मी सांगणार नाही.”

टेगविनचे कान लाल झाले. पाच वर्षं रोज दहा मिनिटं त्याने हेच मनात धरलं होतं आणि कधी वर येऊ दिलं नव्हतं. बहीण अशी पडलेली, तिचं अंग धुणारी बाई हीच, आणि आपण हिच्याकडे तसं बघायचं, ह्याची त्याला लाज वाटायची. आता ते टेबलावर आल्यावर त्याला बैठकीच्या खोलीचं उघडं दार दिसलं.

“लिनला विचारावं लागेल,” तो म्हणाला. एलिनेडला तो घरात लिन म्हणायचा.

“विचारा. शीव हलवताना विचारलं नव्हतंत. हे तरी विचारा.”

तिने हे टोचून म्हटलं नाही. पण ते टोचलं. ती उठली, पिशवी घेतली, आणि एलिनेडच्या खोलीत जाऊन काहीतरी बोलून आली. मग गाडी गेली.

तो दिवसभर विचारू शकला नाही. संध्याकाळी दूध-पाव भरवून झाल्यावर तो खाटेशेजारी खुर्चीवर बसला. टोपी हातात घेऊन बसला, चॅपेलमध्ये बसतात तसा. बाहेर अजून उजेड होता, कोकरं ओरडत होती.

त्याने सुरुवात लांबून केली. घर मोठं आहे म्हणाला. माझं वय होत चाललंय म्हणाला. नेरिसचं नाव आल्यावर एलिनेडने मान वळवली. मग त्याने सगळं एका दमात सांगितलं: ती इथेच राहील, तुझं सगळं पूर्वीसारखं तीच करील, रोज, कुणाची परवानगी लागणार नाही.

एलिनेडचे ओठ हलू लागले. तिला बोलायचं असलं की असं व्हायचं. मनातला शब्द येत नसे, आणि जे कधीकाळी हजारदा घोकलेलं ते मात्र आपोआप ओघळायचं. प्रार्थना यायची, पाढे यायचे. त्या दिवशी जिल्हे आले. “अँगलसी, कार्नार्व्हन, डेन्बी,” ती म्हणाली. “फ्लिंट, मेरियनिथ, माँटगोमरी.” आवाज शाळेतला, स्पष्ट. तेराच्या तेरा म्हणून झाले. तिला हे म्हणायचं नव्हतं. आपल्या तोंडून काय चाललंय ते तिला ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे वाहू लागलं.

“नको का?” टेगविनने विचारलं. “नेरिस आवडते ना तुला?”

तिने मान हलवली. आवडते. मग डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला, मग गादीवर, मग दाराकडे केला, मग परत छातीवर. टेगविनला बराच वेळ काही समजलं नाही. मग समजलं, निदान त्याला असं वाटलं की समजलं. पगारी बाई येते, करते, जाते. तिचं आणि आपलं देणं-घेणं जिल्हा बघतो. घरची मालकीण जेव्हा धुईल, तेव्हा ते उपकार होतील. मरेपर्यंतचे उपकार, एलिनेडच्याच आईच्या घरात, भावाच्या बायकोचे.

“मग कोण करील, लिन?” तो म्हणाला. “कोणी तरी करायला हवं ना?”

एलिनेडने त्याचं मनगट धरलं. ते सोडलं नाही. त्याने हळूच ओढून बघितलं. डाव्या हातात पाच वर्षांत ताकद फार आली होती, सगळ्या अंगाचं काम त्या एका हातावर आलेलं. मनगटावर चार बोटांचे वळ उमटले. ती त्याच्याकडे बघत होती. मागत होती की हुकूम करत होती, हे तो आम्हाला पुढेही कधी सांगू शकला नाही.

दुसऱ्या सकाळी त्याने पाणी आधी स्वतःच्या कोपराला लावून बघितलं. डोळे उघडे ठेवले. एलिनेडने त्याचा हात धरून दाखवलं: इथे आधी, मग इथे, गुडघा असा, उशी अशी. चुकला की ती मनगटावर टिचकी मारायची आणि पुन्हा करायला लावायची. अंग धरून उठवताना तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. तिचे केस किती पातळ झालेत हे त्याने तेव्हा पाहिलं. दोघंही दुसरीकडे बघत होती. अर्धा तास लागला. झगा कोरडा, चादर कोरडी. तिने कप मागितला आणि अख्खा रिकामा केला.

शुक्रवारी दुपारी तो चालत पलीकडे गेला. गाडी नेली नाही. चालत गेलं की पोचायला वेळ लागतो. नेरिस घरामागे कपडे वाळत घालत होती. वारा जोराचा होता, चादरी तिच्या हातातून सुटत होत्या. त्याने एका चादरीचं टोक धरलं. झालं ते सांगितलं: जिल्हे म्हणाली, रडली, हात धरला.

“तिने हात धरला म्हणजे उत्तर झालं का?” नेरिसने विचारलं.

“मला तो सोडवता येत नाही.”

नेरिसने चिमटा तोंडातून काढून दोरीला लावला. आणखी एक लावला.

“मग नका सोडवू,” ती म्हणाली.

आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला. ती पुढची चादर झटकत होती. तो धरलेलं टोक तसंच धरून उभा होता, आणि शेवटी तिनेच ते त्याच्या हातातून काढून घेतलं. पुढच्या वर्षी ती किनाऱ्याकडे बहिणीपाशी राहायला गेली, तिथल्या वृद्धाश्रमात कामाला लागली. निरोप घ्यायला आली होती का, हे आम्हाला माहीत नाही.

सोळा तारखेला, ठरल्याप्रमाणे, दक्षिणेची बाई आली. तरुण पोरगी, नाव बेका, तीस मैल गाडी हाकून आलेली तरी ताजीतवानी. तिच्याकडे हातमोजे होते, नवा साबण होता, उचलायचा पट्टा होता, आणि लिहायला कागद होते. टेगविनला इतकं हलकं वाटलं, की त्याने तिला दारातच चहा विचारला. आठवड्यातले दोन दिवस. दोन दिवस त्या खोलीचं दार आतून बंद होईल, आणि आपण बाहेर राहू. त्याने डगला घातला, वरच्या कुरणाची भिंत पडली आहे ती आज बघावी म्हणून हातोडा घेतला. कुत्रा पुढे धावला.

फाटकापर्यंत गेला असेल, तोच बेकाने हाक मारली.

एलिनेडने तिला हात लावू दिला नव्हता. पट्टा खाली पडला होता. बेकाने पुन्हा हात पुढे केला, तसा एलिनेडने तो बाजूला सारला, रागाने नाही, दप्तर बाजूला सारावं तसा, आणि दाराकडे, टेगविनकडे, बोट केलं. त्याने सांगून बघितलं: ही ह्याचसाठी आली आहे, लांबून आली आहे, हिला हे माझ्यापेक्षा चांगलं येतं. एलिनेडने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बोट तिथेच होतं.

टेगविनने हातोडा भिंतीला टेकवून ठेवला. डगला काढला, बाह्या कोपरावर चढवल्या, पाणी कोपराला लावून बघितलं. बेका खाटेच्या पायाशी उभी राहून बघत होती. गुडघा वाकवला, कमरेला हात, कुशीवर, उशी पाठीला. त्याच्या हातून आता काही सांडत नव्हतं. पोरीने मान डोलावली, कागदावर लिहिलं, आणि लिहिलेलं त्याला मोकळेपणाने वाचून दाखवलं: भाऊ स्वतः करतो, उत्तम करतो. आठवड्यातून दोनदा यायची गरज दिसत नाही. महिन्यातून एकदा चक्कर पुरे.

जाताना ती एलिनेडपाशी वाकली आणि मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, “नशीबवान आहात हो तुम्ही. असा भाऊ किती जणींना मिळतो?”

एलिनेडने छताकडे बघितलं. टेगविनचा एक हात तिच्या पाठीखाली होता, दुसऱ्यात फडकं. पाय अजून पुसायचे राहिले होते आणि पाणी निवलं होतं. त्याने तिला हळूच उशीवर टेकवलं, तामली उचलली आणि स्वयंपाकघरात गेला. किटली शेगडीवर ठेवली. बेकाची गाडी वळण घेऊन दक्षिणेच्या रस्त्याला लागल्याचा आवाज आला. पाणी उकळायला लागलं तरी तो शेगडीपुढे उभाच होता, दोन्ही हात लोंबकळत सोडून, आणि आतून खाटेच्या दांडीवर बोटांनी वाजवल्याचा आवाज आला.